तांबट, शिंजीर आणि आमचे मामंजी

म्हैसूरच्या कडेला, हूटगळ्ळीच्या नव्या घरात राहायला आल्यावर पहिले दोन महिने माझे सासरे कुणाशी धड बोलले नाहीत. त्यांना आम्ही मामंजी म्हणतो. ते रागावले होते असं नाही. विचारलं तर उत्तर द्यायचे, पुढं ठेवलं तर जेवायचे, बाकी वेळ अंगणात खुर्ची टाकून कंपाउंडच्या भिंतीकडं बघत बसायचे.

जुन्या शहरात, लष्कर मोहल्ल्यात त्यांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं भट्टी आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही. आमच्या घराण्यातली माणसं पूर्वी म्हैसूरच्या महाराजांच्या पलटणीत होती म्हणे, आणि त्याबद्दल आमच्याकडं अजून छाती काढून बोलतात. मामंजी मात्र म्हणायचे की घोड्यापेक्षा हातोडी बरी, ती चंदी मागत नाही. पन्नास वर्षं त्यांनी हंडे, घागरी आणि बंब घडवले. मग उजवा खांदा गेला, डॉक्टरांनी हातोडी बंद करायला सांगितली, आणि माझ्या नवऱ्याचा कारखाना हूटगळ्ळीत असल्यामुळं आम्ही तिकडंच घर बांधलं.

मोहल्ल्यात पहाटेपासून काही ना काही ठोकलं जायचं, घासलं जायचं, ओरडलं जायचं. इथं सकाळी शांतता. अर्धवट बांधलेली घरं, मधूनमधून रिकामे प्लॉट, त्यांत घाणेरी आणि एरंड माजलेला. रस्त्याच्या वळणावर एक जुना वड होता, तो रस्ता करणाऱ्यांच्या हातून कसा सुटला कोण जाणे. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. साडेनऊला घरातून निघताना मामंजींना त्या खुर्चीत एकटं सोडून जायला माझा पाय निघायचा नाही.

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. मी त्यांना कॉफी नेऊन दिली आणि त्यांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"ऐकलंस?" ते म्हणाले.

"काय मामंजी?"

"कुणीतरी मठारतंय."

भांडं घडवून झालं की त्यावर बारीक हातोडीनं एकसारखे ठोके देतात, त्याला मठारणं म्हणतात. मी कान दिला. खरंच दुरून आवाज येत होता. टुक्, टुक्, टुक्, टुक्. एका लयीत, न थांबता.

"छोटी हातोडी आहे," मामंजी डोळे मिटून म्हणाले. "पत्रा पातळ. हात एकदम सारखा. आणि माणूस एकटाच आहे." मग ते आत गेले, शर्ट घातला, चपला घातल्या आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. "चल. दुकान बघून येऊ."

दोन महिन्यांत ते पहिल्यांदाच फाटकाबाहेर पडत होते. मी गॅस बंद केला आणि निघाले.

दुकान सापडलं नाही. आवाजाच्या मागं गेलो की तो आधी डावीकडून यायचा, मग उजवीकडून, मग भलतीकडूनच. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं, एका बांधकामावरच्या वॉचमनला विचारलं. तिसऱ्या दिवशी वेल्डिंगच्या दुकानात जाऊन चौकशी केली, तर त्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवून सांगितलं की तांब्याचं काम करणारा या भागात कुणी नाही.

"अल्ल, आहे," मामंजी म्हणाले. आमच्या घरी नाही म्हणायचं झालं की तोंडात आधी कन्नडच येतं. "तुमच्या मशिनमुळं तुम्हाला ऐकू येत नाही."

चौथ्या दिवशी त्यांचं मत पडलं की हा फिरता कारागीर असणार, हातगाडीवर ऐरण ठेवून फिरत असणार, म्हणून आवाज हलतो. "पण दम आहे हां माणसाला," ते म्हणाले. "अर्धा तास झाला, हात खाली ठेवलेला नाही."

पाचव्या दिवशी आम्ही वडाजवळ पोचलो तर तिथं एक बाई मान वर करून उभ्या होत्या. गळ्यात दुर्बीण, पायात कॅनव्हासचे बूट. आमचं मराठी ऐकून त्या गर्रकन वळल्या. साताऱ्याच्या होत्या, नवऱ्याची बदली झाली म्हणून सहा महिन्यांपूर्वी इथं आल्या होत्या, आणि आमच्यापासून तिसऱ्याच घरात राहत होत्या. सहा महिन्यांत रस्त्यावर मराठी ऐकलं नव्हतं म्हणून त्यांना इतका आनंद झाला की आमचं अर्धं कन्नड मिसळलेलं मराठीही त्यांनी कौतुकानं ऐकून घेतलं.

"काय शोधताय काका?" त्यांनी विचारलं.

"तो ठोकतोय ना, त्याला."

"तो होय? तांबट आहे तो."

"ते मला कळतंय," मामंजी म्हणाले. "पन्नास वर्षं मीही तेच केलं. दुकान कुठंय त्याचं?"

साताऱ्याच्या ताई माझ्याकडं बघायला लागल्या आणि मी त्यांच्याकडं. मग त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून मामंजींच्या हातात दिली आणि वडाच्या शेंड्याकडं, एका वाळक्या फांदीकडं बोट केलं.

मामंजींना दुर्बीण जुळवायला वेळ लागला. जुळली. बऱ्याच वेळानं त्यांनी ती माझ्याकडं दिली. फांदीवर एक चिमणीएवढा गुबगुबीत हिरवा पक्षी बसला होता. कपाळावर कुंकू फासल्यासारखा लाल ठिपका, गळ्याखाली लाल पट्टा, डोळ्यांभोवती पिवळा रंग. चोच मिटलेली. दर ठोक्याला त्याचा गळा फुगत होता आणि मान एकदा इकडं, एकदा तिकडं वळत होती. टुक्, टुक्, टुक्.

मी वळून बघितलं तर मामंजी सिमेंटच्या विटांच्या थप्पीवर बसून हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दुखरा खांदा ते दुसऱ्या हातानं धरून ठेवत होते.

"मी त्याला विचारणार होतो," ते कसंबसं म्हणाले, "की खांद्याला काय लावतोस."

मग मीही हसायला लागले आणि साताऱ्याच्या ताईही. कामावर निघालेला एक मजूर आमच्याकडं बघत सायकल हळू करून गेला. त्या दिवशी मी ऑफिसला वीस मिनिटं उशिरा पोचले, आणि कारण विचारल्यावर मला परत हसू आलं.

तिथून सगळं सुरू झालं. ताई रोज सकाळी सहाला फाटकाशी यायच्या आणि आम्ही तिघं निघायचो. त्या एकेका पक्ष्याचं मराठी नाव सांगायच्या, आम्ही त्यांना कन्नड सांगायचो. निम्मी नावं आम्हाला दोन्ही भाषांत माहीत नव्हती. मोहल्ल्यात आम्ही कावळा, चिमणी, पारवा आणि घार याच्यापलीकडं काही बघितलंच नव्हतं, आणि तेही वाळवणावर बसू नयेत म्हणून. आता पानं दोऱ्यानं शिवून घरटं करणारा शिंपी दिसला. खोड ठोकणारा सुतार दिसला. पाण्याकाठी शेपूट आपटत चालणारा धोबी दिसला. विजेच्या तारेवर काळाभोर कोतवाल बसलेला दिसला. ताईंनी त्याचं नाव सांगितल्याबरोबर मामंजी रस्त्यात थांबले.

"थांबा जरा. तांबट, शिंपी, सुतार, धोबी. आणि आता कोतवाल?"

"खाटीकही आहे काका. काट्यावर भक्ष्य टोचून ठेवतो."

"म्हणजे अख्खा मोहल्ला माझ्या आधीच इथं राहायला आलाय," मामंजी म्हणाले, "आणि मला कुणी कळवलं नाही."

खाटीक सापडेपर्यंत त्यांनी आम्हाला चैन पडू दिली नाही. अकरा दिवस लागले. एका बाभळीवर तो डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखा बसलेला दिसला, तेव्हा मामंजींनी त्याला हात जोडून नमस्कार केला.

मी ऑफिसात सांगते तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही, पण त्या दिवसांत आम्ही खरोखर खुळावलो होतो. दूध तीनदा उतू गेलं, कारण खिडकीबाहेर दयाळ गात होता. नवरा डबा उघडायचा तर त्यात नुसत्या चपात्या. भाजी ओट्यावरच राहिलेली असायची, कारण भाजी भरताना अंगणातून मामंजींची हाक आलेली असायची. तो बिचारा रविवारी आम्हाला कारनं कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर सोडायचा आणि स्वतः गाडीत पेपर वाचत बसायचा. एके रविवारी आम्ही तळ्याच्या बांधावर असताना वरून सात पेलिकन उतरले. एवढाले थोराड पक्षी, पाय पुढं ताणून पाण्यावर घसरत आले, आणि थांबल्यावर काही झालंच नाही असा चेहरा करून पोहायला लागले. मामंजींना ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. मी दुर्बीण पुसत होते, ताई पुढं गेल्या होत्या, म्हणून त्यांनी शेजारून पळत जाणाऱ्या एका अनोळखी माणसाचा दंडच धरला. "नोडी, नोडी," ते म्हणाले. बघा, बघा. तो माणूस धापा टाकत थांबला. कानातली वायर काढली, बघितलं, आणि पुढचा अर्धा तास आमच्याबरोबरच राहिला. जाताना त्यानं मामंजींना विचारलं की पुढच्या रविवारी किती वाजता येणार.

मग शिंजीर आला. खरं म्हणजे आली. अंगठ्याएवढी पक्षीण, पाठ तपकिरी, पोट पिवळं, चोच सुईसारखी बारीक आणि वाकडी. आमच्या पुढच्या दारावर पोर्चमधला दिवा आहे, त्याची वायर जराशी लोंबत होती. नवरा ती रोज नीट करणार होता. त्या वायरला तिनं कोळ्याची जाळी चिकटवायला सुरुवात केली. चार दिवसांत लांबट पिशवीसारखं घरटं तयार झालं. त्यात गवत, कापूस, झाडाच्या सालीचे धागे आणि माझ्या शाळेच्या पाकिटाचा एक तुकडा. बाजूला गोल दार, दारावर छोटंसं छप्परही. मामंजी ते बघत तासन् तास बसायचे. "हातोडी नाही, सांडशी नाही," ते म्हणायचे, "नुसत्या चोचीनं. मला हे जमलं नसतं."

घरटं माझ्या डोक्याच्या उंचीवर होतं आणि दार उघडलं की हलायचं. मामंजींनी त्याच दिवशी दाराला आतून कडी घातली आणि सांगितलं की आता मागच्या दारानं जायचं.

"किती दिवस?" नवऱ्यानं विचारलं.

"तिचं होईपर्यंत."

ताईंनी सांगितलं की घरटं बांधल्यापासून पिल्लं उडेपर्यंत महिना तरी जातो. नवऱ्यानं आपल्या चपला उचलून मागच्या दाराशी नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी फाटकावर पुठ्ठ्याची पाटी लागली. तिच्यावर मामंजींच्या अक्षरात कन्नडमध्ये लिहिलं होतं: मागून या, बेल वाजवू नका, हळू बोला. पोस्टमन मागून यायला लागला. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन घराला वळसा घालताना पुटपुटला, पण पुढच्या खेपेला फाटकाशीच थांबून त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "मरी आयिता?" म्हणजे पिल्लं झाली का. झाली होती. दोन. तोंडं उघडली की नुसत्या दोन केशरी चोची दिसायच्या.

आणि इथंच पेच आला. मामंजींची पंचाहत्तरी त्याच महिन्यात होती. सत्यनारायण, जेवण, घराण्यातली पन्नास-साठ माणसं. तारीख आत्याबाईंनी तीन महिने आधी ठरवली होती. आत्याबाई म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण, वय ऐंशी, अजून मोहल्ल्यातच राहतात आणि तिथून सगळ्या घराण्याचा कारभार बघतात. आमच्याकडची माणसं बोलतात ती एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजावर बोलल्यासारखी. त्यात आत्याबाईंचा आवाज सगळ्यांवर. शिवाय त्यांनी सनईवाले ठरवले होते.

मामंजींनी मला नंबर फिरवायला लावला आणि सनईवाल्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. मग त्यांनी आत्याबाईंना फोन केला. पलीकडचं मला खोलीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येत होतं.

"माझ्या भावाच्या पंचाहत्तरीला मी मोरीच्या दारानं येऊ?"

"अक्का, स्वल्प हळू बोल. इथं पिल्लं झोपलीत."

"कुणाची पिल्लं?"

त्यांनी सगळं सांगितलं. मग आत्याबाई म्हणाल्या की तुझं डोकं तपासून घे, आणि फोन ठेवला.

पण आल्या. सगळेच आले. जरीच्या साड्या, डोक्यांवर पेटे, अंगठ्या, हातात फुलांची ताटं. गल्लीत तीन गाड्या भरून उतरले आणि मी फाटकात उभी राहून तोंडावर बोट ठेवून एकेकाला बाजूच्या बोळातून मागं पाठवत होते. कपडे वाळत घालायच्या दोरीखालून वाकून, धुण्याच्या दगडाला वळसा घालून, स्वयंपाकघरातून, जिथं आचारी होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, भाजत होता, ओळीनं माणसं आत आली. पन्नास माणसं कुजबुजत होती. त्यांना कुजबुजायची सवय नसल्यामुळं ते वाऱ्यासारखं ऐकू येत होतं, आणि एकमेकांचं काहीच कळत नसल्यामुळं जो तो "काय?" विचारत होता. माझा दीर, ज्याला मी लग्नापासून कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं, माझ्या कानाशी येऊन श्वासातल्या श्वासात म्हणाला, "वहिनी, पाणी." मला हसू आवरेना म्हणून मी फ्रिजमागं जाऊन उभी राहिले.

भटजींनी आधी आढेवेढे घेतले. मग मंत्र हळू म्हटले, आणि कथा सांगताना जहाज बुडतं तिथंही आवाज चढवला नाही. आत्याबाई पुढच्या खुर्चीत ताठ बसून होत्या. त्या कुणाशी बोलत नव्हत्या आणि बोलत नाही हे सगळ्यांना कळेल अशा बेतानं बसल्या होत्या.

पूजा झाली. मामंजींच्या डोक्यावर जरीचा म्हैसूर पेटा बांधला, गळ्यात गुलाब आणि निशिगंधाचा जाडजूड हार घातला. पाया पडायला रांग लागली. तेवढ्यात पोर्चमधून बारीक चिवचिवाट सुरू झाला. ताई खिडकीशी उभ्या होत्या. त्या वळून एवढंच म्हणाल्या, "काका, उडतायत."

पहिलं पिल्लू घरट्याच्या दारातून निघालं ते सरळ समोरच्या जास्वंदीवर गेलं. दुसऱ्याचा अंदाज चुकला. ते पंख फडफडत खिडकीच्या गजांतून आत शिरलं, पंख्याखालून गेलं (पंखा माझ्या नवऱ्यानं तेवढ्यात बंद केला, त्याचं हे काम मी कधी विसरणार नाही), सगळ्यांच्या डोक्यांवरून एक गिरकी घेतली आणि मामंजींच्या हाराला येऊन चिकटलं. गुलाबाच्या दोन फुलांमध्ये, छातीच्या बरोबर मध्यावर.

खोलीत कुणी हललं नाही. पाया पडायला वाकलेला पुतण्या वाकलेलाच राहिला. मामंजींनी श्वाससुद्धा अर्धाच घेतला. पिल्लू हाराला लटकून इकडंतिकडं बघत होतं, शेपूट अजून पुरती फुटली नव्हती, कपाळावर दोन केस उभे. आचारी झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि आतून होळिगे करपल्याचा वास यायला लागला, तरी कुणी त्याला सांगितलं नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला तो पुष्कळ वाटला, आणि तो संपू नये असंही वाटत होतं. मामंजी पुतळ्यासारखे बसले होते, फक्त त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि ते पुसायला त्यांना हात उचलता येत नव्हता. शेवटी आत्याबाई खुर्चीतून उठल्या. गुडघे धरत, आवाज न करता, दोन पावलं पुढं आल्या आणि स्वतःच्या पदरानं त्यांनी धाकट्या भावाचे गाल टिपले. पिल्लू त्यांच्याकडं बघत राहिलं.

"किती बारीक आहे रे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा इतका हळू आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

खिडकीच्या गजावर शिंजीर येऊन बसली होती आणि चिर्र चिर्र करून बोलावत होती. पिल्लानं एकदा मान वळवली, हारावरून सुटलं, आणि या वेळी सरळ गजांतून बाहेर गेलं.

त्यानंतर जो आवाज झाला तो आमच्या घराण्याला शोभेल असाच होता. तास-दीड तास दाबून धरलेलं सगळं बोलणं एकदम बाहेर पडलं. पन्नास जण पन्नास तऱ्हांनी एकमेकांना तीच गोष्ट सांगत होते, जणू दुसऱ्यानं ती बघितलीच नाही. जेवताना पायसाचे पेले हातात घेऊन माणसं जास्वंदीपाशी उभी होती. भटजी दुसरं पिल्लू कुठं गेलं ते शोधत घराभोवती दोन फेऱ्या मारून आले. करपलेल्या होळिगेही सगळ्यांनी चवीनं खाल्ल्या. आणि साताऱ्याच्या ताईंना आमच्या बायकांनी मधे बसवून इतके प्रश्न विचारले की त्यांचं जेवण राहून गेलं आणि मला त्यांना डबा बांधून द्यावा लागला.

आठवडा गेला असेल. सकाळी सहाला फोन वाजला. आत्याबाई होत्या. कुणाला काही झालं का म्हणून मला धसका बसला.

"त्याला दे," त्या म्हणाल्या.

मामंजींनी रिसीव्हर कानाला लावला. "काय अक्का?"

"माझ्या गच्चीवर एक आलाय. डोक्यावर काळी शेंडी आहे. आणि बुडाशी लाल."

"बुलबुल असेल."

"नुसतं असेल म्हणू नकोस. येऊन बघ आणि सांग."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी घड्याळाकडं बघितलं. ऑफिसला उशीर होणार हे नक्की होतं. त्यांनी शर्ट घातला, मी दुर्बीण घेतली, आणि साडेसहाच्या बसनं आम्ही बुलबुल बघायला लष्कर मोहल्ल्याला निघालो. फाटकातून बाहेर पडताना आमच्याच कंपाउंडच्या भिंतीवर तीन बुलबुल बसले होते. आम्ही दोघांनी त्यांच्याकडं बघितलं आणि बस चुकेल म्हणून भरभर चालायला लागलो.